गाडी पूर्ण आली

वर्धेहून समुद्र फार लांब आहे. रेल्वेने मुंबई गाठायची तर साडेसातशे किलोमीटर जावे लागते. आमच्याकडे पाणी नाही असे नाही. पवनारला धाम आहे, पुलगावला वर्धा आहे. पण नदीला पलीकडचा काठ असतो आणि तो दिसतो. ज्याला पलीकडचा काठ नाही असे पाणी मी वयाच्या अठराव्या वर्षी प्रथम पाहिले, तेही मुंबईला काकांकडे गेलो असताना. अशा माणसाने बोरगाव मेघेतल्या घराच्या मागच्या खोलीत बसून काही वर्षे पॅसिफिक महासागरावर आरमार चालवले आणि शेवटी ते घालवले, ही गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही याबद्दल मी बराच काळ साशंक होतो. आता सांगतो आहे त्याला कारण आहे. त्या खेळात मी जी चूक केली ती माझ्या वडिलांनी मला आधीच दाखवून दिली होती. आणि तीच चूक मी खेळाबाहेर, त्यांच्याच बाबतीत, लहानपणापासून करत आलो होतो, हे मला फार उशिरा कळले.

‘वॉर इन द पॅसिफिक’ हा संगणकावरचा युद्धखेळ २००४ साली बाजारात आला. २००९ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली, ती आम्ही खेळत होतो. आम्ही म्हणजे मी आणि कॉलेजपासूनचा माझा एक नागपूरचा मित्र. या खेळात चकचकीत चित्रे नाहीत. षट्कोनी घरांत विभागलेला एक प्रचंड नकाशा, त्यावर बंदरे आणि बेटे, आणि प्रत्येक चिन्हामागे उघडणारे आकड्यांचे तक्ते. डिसेंबर १९४१ मधल्या पर्ल हार्बरवरील हल्ल्यापासून मोहीम सुरू होते आणि एक चाल म्हणजे एक दिवस. मी माझ्या आज्ञा भरून फाईल ई-मेलने नागपूरला पाठवायची, मित्राने त्याच्या आज्ञा भरून परत पाठवायची, आणि त्या ‘दिवसात’ काय घडले ते मग दोघांनी आपापल्या पडद्यावर पाहायचे. खरे युद्ध तेराशेहून अधिक दिवस चालले. म्हणजे रोज एक चाल जमली तरी मोहीम संपायला तेवढ्याच संध्याकाळी हव्यात. संसार आणि नोकरी असलेल्या दोन माणसांनी हे का करावे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पूर्वी पत्राने बुद्धिबळ खेळणारी माणसे होती, एवढेच म्हणतो.

मी जपान घेतला. सुरुवातीला सर्वांत बलाढ्य विमानवाहू ताफा जपानकडे असतो आणि पहिले सहा महिने नकाशावर तुम्ही म्हणाल ते होते, हे त्याचे उघड कारण. परंतु खेळ रचणाऱ्यांना त्या युद्धाचे मर्म ठाऊक होते. जपानच्या बेटांवर तेल जवळजवळ नाही. ते सुमात्रातल्या पालेम्बांगला आहे, बोर्निओतल्या बालिकपापानला आहे. ही ठिकाणे जिंकणे त्या मानाने सोपे. जिंकल्यावर तिथले तेल टँकरांत भरायचे, दक्षिण चिनी समुद्र ओलांडून फॉर्मोसाच्या बाजूने जपानपर्यंत आणायचे, त्यावर कारखाने चालवायचे आणि त्यातूनच आरमाराचीही तहान भागवायची, हे मात्र रोज करावे लागते. शेकडो मालवाहू जहाजे. प्रत्येकाला नाव, वेग, आणि पोटात किती टन मावतात त्याचा आकडा. त्यांचे तांडे बांधायचे, मार्ग ठरवायचा, बरोबर विनाशिका किंवा पहाऱ्याची लहान जहाजे द्यायची. मला हा भाग दिवाणजीच्या कामासारखा वाटे. टँकर मी तसेच, एकेकटे सोडून देत असे, आणि विनाशिका जिथे काही घडण्याचा संभव असेल तिथे ठेवत असे.

पहिली दोन वर्षे हा आळस खपून गेला. त्यालाही ऐतिहासिक आधार आहे. युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकन पाणबुड्यांचे टॉर्पेडो सदोष होते. ते ठरवलेल्या पातळीपेक्षा खोल जात, वेळेआधी फुटत, किंवा जहाजावर आपटूनही फुटत नसत. हे सगळे दोष दूर व्हायला १९४३ च्या पावसाळ्यानंतरचे महिने उजाडले. खेळाने ही गोष्ट इमानाने उतरवली आहे. माझ्या टँकरवर पाणबुडीने नेम धरलेला दिसे, टॉर्पेडो आदळलेला दिसे, आणि खाली तो फुटला नाही अशी ओळ उमटे. अशी ओळ वारंवार वाचल्यावर माणसाची जी समजूत होते ती माझी झाली. निष्काळजीपणाची शिक्षा त्याच दिवशी मिळत नसल्यामुळे मधल्या काळात तो शहाणपणासारखा दिसू लागतो.

त्या दिवसांत बाबा आमच्याजवळच होते. वर्धा जंक्शनवर मालगाडीचे गार्ड म्हणून त्यांनी छत्तीस वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीच्या पैशातून बोरगावचे हे घर बांधले. संध्याकाळी मी संगणकासमोर बसलो की ते मागच्या आरामखुर्चीत येऊन बसत. खेळ त्यांना कळत नसे आणि तसे ते कधी म्हणतही नसत. एकदा त्यांनी विचारले, “हे बारके बारके ठिपके कायचे आहेत?”

“तेलाची जहाजं, बाबा.”

“अन् ह्यांच्या मागं कोन आहे?”

“कोणी नाही. गरज नाही तेवढी.”

ते थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मालाच्या मागं कोनीतरी लागते.”

मी हसून म्हणालो, “बाबा, ही मालगाडी नाही, समुद्र आहे.” त्यावर ते काही बोलले नाहीत. वाद घालणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

खेळातल्या ऑक्टोबर १९४३ मध्ये मित्राच्या विमानवाहू जहाजांचा ताफा सॉलोमन बेटांच्या बाजूने रबाऊलकडे सरकताना माझ्या टेहळणी विमानांना दिसला. ज्याची मी दोन वर्षे वाट पाहत होतो ती मोठी लढाई समोर आली होती. माझी विमानवाहू जहाजे तयार होती, पण त्यांच्याभोवती ठेवायला विनाशिका पुरेशा नव्हत्या. सिंगापूर आणि फॉर्मोसा यांच्या दरम्यान ज्या थोड्याबहुत तांड्यांबरोबर मी त्या दिल्या होत्या त्यांतून सतरा काढून घेतल्या. लढाई दोन दिवस चालली. मित्राची तीन विमानवाहू जहाजे बुडाली, माझे एक. मी इतका मोठ्याने ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मित्राने दुसऱ्या दिवशीच्या फाईलबरोबर एवढेच लिहिले होते: “अभिनंदन. टँकरवाले काय म्हणतात?”

टँकरवाले काही म्हणत नव्हते, कारण ते बुडत होते. नेमक्या त्याच सुमारास त्याचे टॉर्पेडो फुटू लागले होते आणि त्याच्या पाणबुड्या लुझॉनच्या सामुद्रधुनीत येऊन बसल्या होत्या. रोजच्या अहवालात एक जहाज, कधी दोन. प्रत्येक नुकसान इतके लहान होते की त्यासाठी मोहिमेचा बेत बदलावा असे एकाही संध्याकाळी वाटले नाही. खेळातल्या फेब्रुवारी अखेरीस मोजले तेव्हा मोठ्या टँकरांपैकी तिसरा हिस्साही उरला नव्हता. विनाशिका परत पाठवाव्या तर त्यांतल्या निम्म्या लढाईत जायबंदी होऊन गोदीत पडलेल्या. जूनमध्ये मित्राने सायपानवर फौजा उतरवल्या, तेव्हा विजय मिळवणारा माझा ताफा बंदरात उभा होता आणि त्याच्या टाक्यांत निघण्यापुरतेही तेल नव्हते. मी हरलो तो दिवस शोधायला गेलो तर तो मी जिंकलेल्या लढाईचाच दिवस निघाला.

खेळ खरा असल्याचा हा पुरावा म्हणावा लागेल. जपानी आरमाराने प्रत्यक्षातही हेच केले. त्यांची सारी विद्या एका निर्णायक लढाईसाठी घडवलेली होती. तांड्यांच्या रक्षणाचे काम दुय्यम, बढती न देणारे मानले जाई. त्यासाठी स्वतंत्र मुख्यालय उभे राहिले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन जवळजवळ दोन वर्षांनी. युद्धाच्या आरंभी जपानकडे सुमारे ६० लाख टनांची व्यापारी जहाजे होती. युद्धकाळात बांधलेली धरून त्याने ८० लाखांहून अधिक टन गमावली, आणि त्यातला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या पाणबुड्यांचा होता. १९४४ मध्ये जपानच्या मोठ्या युद्धनौका सिंगापूरजवळ लिंगा येथे नांगरून ठेवाव्या लागल्या. जहाजांपर्यंत तेल आणता येईना, म्हणून जहाजे तेलाजवळ नेली. जगातील सर्वांत मोठी युद्धनौका ‘यामातो’ त्यांत होती.

ही चूक एकट्या जपानची नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारानेही ती केली होती. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बुडवत असताना तांडे बांधून सोबत जाणे हे बचावाचे, म्हणून कमीपणाचे काम आहे, असे मोठमोठ्या दर्यासारंगांना वाटे. त्यांच्या विनाशिका मोकळ्या समुद्रात पाणबुड्यांची शिकार करत फिरत आणि रिकाम्या हाताने परत येत. एप्रिल १९१७ या एका महिन्यात साडेआठ लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली, तेव्हा कुठे तांड्यांची पद्धत मान्य झाली आणि पुढच्या महिन्यांत नुकसान उतरू लागले. यातली गंमत अशी की पाणबुडी सापडूही लागली ती तांड्याजवळच. ती शोधायला समुद्रभर फिरण्याची गरज नव्हती. जिथे माल आहे तिथे तिला यावेच लागे. दुसऱ्या महायुद्धात पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने याचे गणितही मांडले. तांड्यातली जहाजे दुप्पट केली तरी ज्यावर पहारा ठेवायचा तो परीघ दीडपटही होत नाही. म्हणून तितक्याच पहाऱ्यात मोठा तांडा लहान तांड्यापेक्षा सुरक्षित. एकत्र राहणे आणि हळू जाणे यांत भित्रेपणा दिसतो, पण गणित त्याच्या बाजूचे आहे.

तांड्याबरोबर जाणाऱ्या युद्धनौकेची परीक्षा ती किती जोरात लढते यात नसते. क्षितिजावर पाणबुडीची खूण दिसली की तिचा कप्तान पाठलागाला निघतो आणि तिला पाण्याखाली दाबून ठेवतो. तांडा पुढे सरकत असतो. मग एक क्षण असा येतो की आणखी तासभर थांबले तर शिकार हाती लागेल, पण तोवर तांडा उघडा पडेल. त्या क्षणी त्याने शिकार सोडून आपल्या जागी परत यायचे असते. तीस मैलांच्या वेगाने धावू शकणाऱ्या जहाजाने आठ-नऊ मैलांच्या वेगाने चालणाऱ्या जुनाट मालवाहूच्या बाजूने, त्याच्याच चालीने, दिवसचे दिवस जायचे असते.

हे सगळे दूरच्या समुद्रांचे झाले. आपल्याकडे याचे उदाहरण शोधताना मला आधी तांडा हा शब्दच थांबवतो. आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्यांना तांडा म्हणजे बंजाऱ्यांचा. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हे तांडे फौजांना धान्य पुरवत. मोगलांना पुरवत, मराठ्यांना पुरवत, आणि १८०३ मध्ये वेलस्लीची फौज दख्खनमध्ये चालली तीही त्यांच्याच भरवशावर. पश्चिम किनाऱ्यावरही तांडे होते. पोर्तुगीज आपल्या युद्धनौकांच्या पहाऱ्यात व्यापारी गलबतांचे ‘काफिले’ गोवा आणि गुजरातच्या दरम्यान नेत असत. पण मला नेमके हवे होते ते सापडले खांदेरीला.

थळच्या किनाऱ्यासमोरच्या या बेटावर १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारीच्या हाताखाली माणसे उतरवली आणि तटाचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडाशी असा किल्ला होणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. त्यांनी बेटाभोवती शिबाडे आणि मचवे आणून उभे केले. सप्टेंबरात बेटावर उतरण्याचा त्यांचा एक प्रयत्न उधळला गेला आणि त्यात त्यांचा अधिकारी थॉर्प मारला गेला. मग ‘रिव्हेंज’ ही मोठी लढाऊ नौका आली. १८ ऑक्टोबर रोजी पहाटे दौलतखानाची पन्नासच्या आसपास गलबते नागावच्या खाडीतून बाहेर पडली आणि इंग्रजांवर चालून गेली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांनी धरले. बाकीच्या लहान नौका पळाल्या, ‘रिव्हेंज’ने मात्र टिकाव धरला, आणि अखेर मराठ्यांची गलबते खाडीत परत गेली.

आपल्या पुस्तकांत खांदेरीची लढाई म्हणून येते ती ही. तिचा निकाल दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने लिहिता येतो आणि तसा तो लिहिलाही गेला आहे. पण किल्ला त्या दिवशी झाला नाही. इंग्रजांचा हेतू बेट उपाशी ठेवण्याचा होता, आणि त्यांच्या त्या वेळच्या पत्रव्यवहारात जी तक्रार पुन्हा पुन्हा येते ती तोफांची नाही, लहान होड्यांची आहे. माणसे, धान्य, बांधकामाचे सामान घेऊन या होड्या किनाऱ्यावरून रात्री निघत. त्या वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यातून जात, आणि मोठ्या जहाजांना शिडे सावरून वळेपर्यंत बेटाला लागलेल्या असत. लढाईच्या आधी त्या जात होत्या. लढाईनंतरही जात राहिल्या. नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीला आले, तरी काम थांबले नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड करून जहाजे काढून घेतली. सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर बस्तान बसवले, पण खांदेरी मराठ्यांची राहिली. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठा लष्करी स्थळांत ती आहे.

पूर्वी हे वाचताना दौलतखानाचे खाडीत परतणे मला खटकत असे. ‘रिव्हेंज’ एकटी पडली असताना तिचा निकाल का लावला नाही? आपल्या खेळाच्या पराभवानंतर मी तोच मजकूर पुन्हा वाचला, तेव्हा त्या परतण्याचा वेगळा अर्थ दिसू लागला. नागावच्या खाडीत तयार उभे असलेले आरमार हे इंग्रजांना बेटाभोवती निर्धास्तपणे पसरू न देण्याला पुरेसे होते. ते आरमार एका मोठ्या जहाजामागे लागून फुटले असते, तर थळच्या होड्यांमागे कोण होते? हा अर्थ माझा आहे. दौलतखानाच्या मनात काय होते ते तो लिहून गेलेला नाही. पण बेटाला पोहोचलेले धान्य हे या अर्थाच्या बाजूने साक्ष देते.

इथे मला साहित्याच्या वाचकाचा एक प्रश्न पडतो. कथनाला घटना लागते. बखर असो, पोवाडा असो, कादंबरी असो, तिला १८ ऑक्टोबर लागतो. ज्या रात्री होडी निघाली, पोहोचली आणि परत आली, त्या रात्रीचे काय सांगणार? आक्रमण यशस्वी झाले की घटना घडते, आणि रक्षण यशस्वी झाले की घटना टळते. म्हणजे रक्षण जितके चांगले तितके ते गोष्टीतून पुसले जाते. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावे राहिली. वल्ही मारणारे राहिले नाहीत. आपल्या वाचण्याच्या सवयीत हा एक जुना पक्षपात आहे, आणि त्या पक्षपाताने मी माझ्या घरातल्याही एका माणसाला वाचले होते.

लहानपणी शाळेत वडील काय करतात असे विचारले की मी ‘रेल्वेत आहेत’ एवढेच सांगत असे. रेल्वे क्वार्टरमधल्या इतर मुलांचे वडील ड्रायव्हर होते, फिटर होते, एकाचे तर स्टेशनमास्तर होते. गार्ड म्हणजे शेवटच्या डब्यात बसून हिरवी झेंडी दाखवणारा माणूस. गाडी तो चालवत नाही, थांबवण्याची वेळही क्वचित येते. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी छोटा समारंभ केला. एक वयस्कर गार्ड बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “छत्तीस वर्षांत यांच्या गाडीले काही झालं नाही.” सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि मला ओशाळल्यासारखे झाले. एका माणसाच्या सबंध नोकरीबद्दल सांगायला एवढेच आहे, असे मला वाटले.

माझा ताफा बंदरात तेलावाचून उभा राहिला त्या आठवड्यात बाबांनी आपण होऊन विचारले, “काय झालं? आजकाल बोंबलत नाही तू.” मी त्यांना सगळे सांगितले: लढाई, सतरा विनाशिका, बुडालेले टँकर. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. आईला ती ठाऊक होती. मला त्यांनी कधी सांगितली नव्हती.

१९७८ च्या श्रावणातली रात्र. बल्लारशाकडून कोळशाची गाडी घेऊन ते वर्धेला येत होते. नागरी आणि हिंगणघाटच्या मध्ये कपलिंग तुटले आणि गाडीचे दोन तुकडे झाले. पाऊस कोसळत होता. अशा वेळी पुढची बाजू ड्रायव्हरची आणि मागची गार्डाची. गार्डाने हातबत्ती आणि फटाके घेऊन गाडीच्या मागे चालत जायचे. सहाशे मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा, बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. मागून एखादे इंजिन आलेच तर चाकाखाली ते फुटतात आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. रेल्वेच्या भाषेत या कामाला गाडीचे ‘संरक्षण’ म्हणतात. हा शब्द त्या रात्री मला पहिल्यांदा ऐकू आल्यासारखा झाला. बाबा बाराशे मीटर मागे गेले. तिथून स्वतःची गाडी दिसत नव्हती. दोन्ही बाजूंना नुसता काळोख आणि पाणी. हातबत्तीचा लाल प्रकाश धरून ते तिथे जवळजवळ अडीच तास उभे राहिले. मग पुढून परत बोलावण्याची शिटी ऐकू आली, तेव्हा ते गाडीकडे निघाले.

“मागून गाडी आली का?” मी विचारले.

“नाही. येनारच नव्हती. आमची गाडी सेक्शनमधून निघाल्याबिगर मागची सोडतच नाही.”

“मग तुम्हाला ठाऊक होतं की येणार नाही.”

“ठाऊक असनं वेगळं, बापू, अन् फटाके लावनं वेगळं,” बाबा म्हणाले. “मी काही त्या गाडीसाठी नव्हतो उभा. गाडी नाही आली तरी ज्यानं उभं राहाचं तो गार्ड.”

थोड्या वेळाने ते आणखी एक सांगू लागले. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा तिथला माणूस इंजिनाकडे पाहत नाही, शेवटच्या डब्याकडे पाहतो. दिवसा त्यावर ‘एल. व्ही.’ अशी पाटी असते, रात्री लाल दिवा. तो दिसला म्हणजे मध्ये एकही डबा सुटलेला नाही, गाडी पूर्ण आली. त्यानंतरच मागचा सेक्शन मोकळा धरतात. “म्हनजे आम्ही दिसलो की समजाचं, सगळं आलं,” असे म्हणून ते हसले. छत्तीस वर्षे त्यांचे काम शेवटी दिसण्याचे होते, आणि ते दिसले की बाकी सर्वांना निश्चिंत होता येत असे. समारंभातल्या त्या टाळ्या कशासाठी होत्या हे मला तेव्हा कळले. सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की ‘काही झालं नाही’ हे वाक्य फुकट मिळत नाही.

बाबा त्याच वर्षीच्या हिवाळ्यात गेले. मोहीम मी मित्राला देऊन टाकली. ती तशीही संपलीच होती. दीड वर्षाने आम्ही नवी सुरू केली. त्याने मला बाजू बदलण्याचे सुचवले, पण मी जपानच मागून घेतला. या वेळी पहिल्या महिन्यापासून टँकरांचे मोठे तांडे बांधले, आणि टॉर्पेडो फुटत नव्हते तेव्हाही प्रत्येकाबरोबर पहारा दिला. चांगल्या विनाशिका त्यात अडकून पडल्या. सॉलोमनला मित्राचा ताफा दिसला तेव्हा माझ्याजवळ पुरेशा नव्हत्या, आणि मी माघार घेतली. त्याने लिहिले, “घाबरलास?” मी उत्तर दिले नाही. ही मोहीमही मी हरलो. अमेरिकेच्या कारखान्यांपुढे जपान टिकत नाही, हे खेळाला ठाऊक आहे. पण या वेळी माझी जहाजे शेवटपर्यंत चालत होती आणि प्रत्येक बेटासाठी मित्राला लढावे लागले. अहवाल उघडला की बहुतेक संध्याकाळी दक्षिण चिनी समुद्राबद्दल एकही ओळ नसे. मी नकाशावर जाऊन तांडा शोधत असे. तो आदल्या दिवशीपेक्षा चार घरे पुढे सरकलेला असे. मग मी त्यातली जहाजे मोजत असे. खेळाला त्याची गरज नव्हती.

गार्डाच्या पदाला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात, आणि काही मालगाड्यांच्या शेवटी आता डब्याऐवजी एक यंत्र असते. शेवटचा वॅगन जोडलेला आहे की नाही ते पुढच्या इंजिनाला कळवते. बदल योग्यच असेल. त्या डब्यात ना पंखा होता ना दिवा, आणि बाबांची कंबर त्यातच गेली. रात्री वारा तिकडून असला तर जंक्शनवरून निघालेल्या मालगाडीचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. पूर्वी मला इंजिनाचा भोंगा तेवढा ऐकू येत असे. आता वॅगनांची खडखड संपेपर्यंत मी ऐकत राहतो, आणि ती संपली की दिवा मालवतो.